मिलानेसा, फक्त पंधरा दिवसांसाठी

३ जुलै. सकाळी १०.
मोंतेविदेओत जुलै म्हणजे ऐन हिवाळा. पाऊस आणि बोचरी थंडी. नेलिदाचा फोन. ही माझी धाकटी बहीण. आठवड्यातून एकदा मला सुधारायचं तिनं व्रत घेतलं आहे. म्हणे, दादा, प्राण्यांच्या निवाऱ्याचं छत गळतंय, मांजरं घराघरांत ठेवताहेत, मी तुझं नाव दिलंय. स्पष्ट नकार दिला. विषय संपला.

संध्याकाळी ५.
मांजर आलं. निवाऱ्याच्या सुल्माबाई, जुन्या ओळखीच्या, स्वतः घेऊन आल्या. मादी, वय चार. नाव मिलानेसा, कारण रंग पावाचा चुरा लावून तळलेल्या मिलानेसा कटलेटसारखा. बजावून सांगितलं की मी रिटायर आहे, रिकामा नाही. फक्त पंधरा दिवस; तेवढ्यात त्याला कायमचं घर शोधा. सुल्माबाई म्हणाल्या, मग जाहिरात तुम्हीच लिहा की नेल्सनसाहेब, चाळीस वर्षं नोटरीच्या कचेरीत दुसरं काय केलंत! मुद्दा बरोबर होता.
ठराव: मांजर स्वयंपाकघरातच झोपेल.

४ जुलै.
मांजर माझ्या खुर्चीत झोपलं. पण खुर्ची स्वयंपाकघरापासून सहाच पावलांवर आहे.

६ जुलै.
जाहिरात तयार. 'निवाऱ्यातलं मांजर घरी का आणावं?' एकूण अकरा कारणं. पहिलं: ते पूर्ण वाढलेलं असतं, स्वभाव आधीच कळतो, लग्नात ही सोय नाही. चौथं: लसी, ऑपरेशन सगळं झालेलं असतं. सातवं: तुम्ही एक नेलंत की दुसऱ्या एकाला छप्पर मिळतं. अकरावं: संध्याकाळी दाराला किल्ली लावताना आत कोणीतरी आहे हे माहीत असतं. हे कुठून सुचलं कळलं नाही. पण वाक्य बरं उतरलं म्हणून राहू दिलं.

९ जुलै.
जाहिरातीला तुफान प्रतिसाद. तीन फोन. लेखणीची ताकद अजून गेलेली नाही.

११ जुलै.
मुलाखती घेतल्या. एक शिक्षिका आल्या. त्यांनी मिलानेसाला 'शोनुल्या' म्हटलं. नापास. मग एक बेकरीवाला. हा दिवसभर पिठात, तिला शिंका येतील. नापास. शेवटी एक जोडपं. नम्र, खिडक्यांना जाळ्या, दोष सापडेना. येर्बा माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पुढे केला, तर नवऱ्यानं साखर मागितली! मातेत साखर घालणाऱ्याच्या हाती जीव कसा सोपवायचा?
मिलानेसा हल्ली खुर्चीत झोपत नाही. माझ्या पायांवर झोपते. थंडीपुरतं ठीक आहे.

१७ जुलै.
पंधरा दिवस उद्या भरतात. सुल्माबाई फोनवर कडाडल्या. म्हणाल्या, तुम्ही मांजर देताय की मुलगी उजवताय? मी शांतपणे सांगितलं की निवाऱ्याला धड नियमावली नाही, म्हणून असली माणसं येतात. त्या म्हणाल्या, मग तीही लिहा, म्हणजे एकदाचे सुटू!
कोणीतरी कदर केली.

२० जुलै.
नियमावली पूर्ण. चौदा कलमं. कलम ३: अर्जदार साठीच्या आतला हवा, मांजर वीस वर्षं जगू शकतं. कलम ५: घरात किमान दोन माणसं. एक अंथरुणाला खिळलं तर मांजराकडे कोण बघणार? कलम ६: प्रत्येक खिडकीला घट्ट जाळी. कलम ११: मांजर गेल्यावर दहा दिवसांनी आधीचा सांभाळणारा न कळवता घर तपासेल, घर अयोग्य वाटलं तर मांजर तत्क्षणी परत. कलम १४: कोणालाही सूट नाही.
आता येऊ दे कोण येतंय ते.

२३ जुलै.
निवाऱ्याच्या कमिटीनं नियमावलीला एकमतानं मंजुरी दिली. मी वाचत होतो तेव्हा दोघं सभासद डोळे मिटून ऐकत होते. नववं कलम होताच सुल्माबाई म्हणाल्या, मंजूर, मंजूर, सगळंच मंजूर.

२९ जुलै.
पिंतोस कुटुंब आलं. नवरा, बायको, नऊ वर्षांची मुलगी. घरी सासरेही असतात. दोन तास प्रश्न विचारले. चौदाच्या चौदा कलमांत पास. मातेही कडू प्यायले. मुलगी मला म्हणाली, आधी तिला आपला हात हुंगू द्यायचा असतो, माहितीय? पढवून आणली होती, उघड आहे. मिलानेसा तिच्या बुटांवर जाऊन पसरली. दमली असावी.

३० जुलै. सकाळी ६.
उपाय अगदी सोपा आहे. मीच तिला दत्तक घेतो. उगाच पिंतोसांच्या डोक्याला ताप नको, एवढ्याचसाठी. फॉर्म भरला. अक्षर सुरेख आलं. आता नुसता शिक्का मारून घ्यायचा.

दुपारी १.
सुल्माबाईंनी चष्मा लावला आणि माझीच नियमावली उघडली. वय? सदुसष्ट. घरात माणसं किती? एक, पण दोघांची बडबड करणारा. जाळ्या? म्हटलं, बाई, हिवाळ्यात खिडक्या उघडतं कोण! एवढ्या वर्षांची ओळख, जरा सूट द्या. त्यांनी चौदावं कलम वाचून दाखवलं. वाक्यात एक चूक सापडली नाही.
मग आवाज खाली आणून म्हणाल्या, अहो, पहिल्याच आठवड्यात मागितली असतीत तर डोळे झाकून दिली असती हो. आता त्या पोरीला शब्द दिलाय मी.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१ ऑगस्ट.
पिंतोसांनी नेली. ढकलावं लागेल म्हणून बाह्या सरसावून उभा होतो, पण पिंजऱ्यात ती आपली आपणच शिरली. नेलिदाचा फोन, दादा, बरा आहेस ना? म्हटलं, उत्तम. आता पाय मोकळे पसरून झोपता येईल.

२ ऑगस्ट.
पाय पसरले. झोप आली नाही.

४ ऑगस्ट.
कलम ११! विसरलोच होतो. नुसता एक दोष सापडू दे, तिला तिथल्या तिथे घेऊन येतो. मग कलमं बदलून घेता येतील. नवा पिंजरा आणला. आत माझा जुना स्वेटर अंथरला.

११ ऑगस्ट. संध्याकाळी ७.
तपासणी केली. मिलानेसा सासऱ्यांच्या मांडीवर होती. म्हातारा एक्क्याऐंशीचा, ठार बहिरा, तिला फुटबॉलची मॅच समजावून सांगत होता. स्वयंपाकघर ठीक. बाल्कनी ठीक. बाथरूमच्या छोट्या खिडकीची जाळी मात्र एका कोपऱ्यात निखळलेली, सहज वीतभर फट. चौथा मजला. कलम ६. मनात लाडू फुटले. पेन काढलं.
मुलगी मागोमाग आली होती. जाळी पाहून तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, आजोबा, लिहू नका ना. चूक माझी आहे, रोज बघायचं मीच कबूल केलं होतं.
मी पेनाला टोपण लावलं. मग विचारलं, घरात स्क्रूड्रायव्हर आहे का? चार स्क्रू मारले, वर तारही गुंडाळली. अहवालात लिहिलं: घर योग्य. निघताना मिलानेसानं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. ओळखलंच तिनं. ओळखलं म्हणून तर निर्धास्त झोपली.
परतताना बसमध्ये पिंजरा मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी वाकून आत पाहिलं. म्हणाल्या, अगंबाई, नुसता स्वेटरच! मांजर कुठंय?
म्हटलं, घरी आहे.
माझा स्टॉप आला, पण उठावंसं वाटलं नाही.