तुमचावाला आणि माझावाला

प्रिय इवाई,

परवा उमरीला, तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माईक माझ्या हातात दिला. मी तुमचा इवाई, सुनेचा बाप, म्हटल्यावर दोन शब्द बोलणं भागच होतं. बोललो. मनमिळाऊ स्वभाव, ग्रामसेवकाची नोकरी सचोटीनं केली, सुनेला लेकीसारखं जपलं. सगळं खरंच होतं हो, पण त्यात तुम्ही कुठे होता? खाली बसल्यावर माझी मलाच लाज वाटली. जे बोलायचं होतं ते मंडपात भन्तेजींसमोर बोलवेना, म्हणून औशाला आल्या आल्या कागद घेऊन बसलोय.

सव्वीस वर्षं अडवून धरलेली एक कबुली द्यायचीय. तुमचावाला फार मोठा नट होता!

झालं समाधान?

आपण आपापल्या लाडक्या नटांची नावं कधी घेतलीच नाहीत. तुमचावाला हळू बोलणारा, उतरलेल्या चेहऱ्याचा. माझावाला नाचणारा, एका ठोशात चौघांना लोळवणारा. मी म्हणायचो, "तुमचावाला तोंडातल्या तोंडात काय बोलून राहिला, ऐकू तरी येतं का?" तुम्ही म्हणायचात, "अन् तुमचावाला? माय मरून पडली तरी हा केस नीट करून राहिला!" ते खरंच होतं, हे आज सांगून टाकतो.

लग्नात काय घोळ घातलात आठवतं? वरात निघाली अन् भर रस्त्यात तुम्ही पाय रोवून उभे. मुलाचा बाप रुसला! आमच्याकडे धावपळ उडाली. माझा भाऊ आहेराचं दुसरं कापड आणायला पळाला, आमची मंडळी फेटा घेऊन धावली. कुणाचं काय चुकलं, कुणालाच कळेना. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. मग तुम्ही माझ्या कानाशी आलात. "पावणं, मघापासून तुमच्यावाल्याचीच गाणी चालू हायेत. एक तरी आमच्यावाल्याचं लावा, तवा पाय उचलतो."

बँडवाल्यांना तुमच्यावाल्याचं एकच गाणं येत होतं, तेही रडकं. त्यावर तुमच्या उमरीची पोरं अर्धा तास नाचली! लोक अजून विचारतात, तुमच्या लेकीच्या वरातीत ते तसलं गाणं कुणी लावलं होतं म्हणून.

लेक-जावई नांदेडला राहायला गेले आणि आपलं रविवारचं भांडण त्यांच्या टीव्हीपुढे सुरू झालं. एका दुपारी तुमच्यावाल्याचा सिनेमा लागला. त्यात तो लेकीच्या सासरी येतो. आत श्रीमंत पाहुणे बसलेले. हा दारात थांबतो, फाटकी चप्पल काढतो आणि कुणाला दिसू नये म्हणून धोतराच्या आड धरतो. बस्स, एवढंच. मीही लेकीचा बाप, इवाई. माझ्या डोळ्यांना धार लागली.

"काय झालं, पावणं?"

"ठेचा लई तिखट हाय," मी म्हणालो.

तुम्ही गालात हसलात आणि खांद्यावरचा टॉवेल माझ्याकडे टाकलात. तेव्हाच कबूल करायला काय जात होतं माझं? पण नाही, अडून बसलो.

शेवटी तुम्हीच विचारलंत. दवाखान्यात, चारच्या सुमाराला. विहीणबाई मोसंबी सोलत होत्या. तुम्ही माझा हात धरलात. "पावणं, एकदा खरं सांगा. आमचावाला कसा वाटला तुम्हाला?"

दहाच मिनिटांपूर्वी बाहेर डॉक्टरांनी जावयाला आणि मला सांगितलं होतं, आठवडा निघणंही अवघड आहे. तुम्हाला कुणी काही बोललं नव्हतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. अहो, त्या क्षणी मी "लई भारी होता" म्हणालो असतो, तर तुम्ही काय ते समजून गेला असता!

म्हणून म्हणालो, "भिकार! त्याच्यापेक्षा दगड बरा."

तुम्ही हसलात. खोकला येईपर्यंत हसलात. विहीणबाईंना म्हणालात, "बघ, मला काय बी झालं न्हाई. पावणं अजून भांडून राहिले."

तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मी बरं केलं की वाईट, तुम्हीच सांगा. कबुली ओठावर होती आणि मी शिवी दिली! रात्रंदिवस तेच मनात घोळतंय. रागावला तर नाहीत ना?

परवा जेवणं झाल्यावर आपली नात म्हणाली, "दोन्ही आजोबांचे हीरो सारखेच. ओव्हरअॅक्टिंग करायचे नुसते." माझं डोकंच फिरलं. तोंड उघडलं, तर बाजू तुमच्यावाल्याची निघाली! विहीणबाई ताट उचलता उचलता थांबल्या. माझ्याकडे बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

तेव्हा आता शब्द देतो. दर रविवारी नांदेडला जाईन, नातीला समोर बसवीन आणि तुमच्यावाल्यासाठी भांडेन. तुमच्याइतकं जमणार नाही, पण माघार घेणार नाही. माझ्यावाल्याची बाजू घ्यायला मग कुणी उरत नाही, ते कळतंय मला. नसू दे. समोर तुम्ही नाही, तर त्याला जिंकवून मी करू काय?

तुमचा,
हरलेला पावणा,
औसा