कलावती इथे राहत नाही

अल् घुब्रा, मस्कत
मे २०१५

दादा,

तू गेल्याचं मला आज कळलं.

आमची लेक देविका आफ्रिकेतल्या तुपुरी भाषेत नामं कशी तयार होतात, यावर प्रबंध लिहितेय. सांगत होती, तिथे दोन शब्द जोडून नवं नाम होतं, तरी जुने शब्द त्यात दिसत राहतात. माझ्या नावाचं तसं झालं नाही. लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीने ‘सुरेखा’ लिहिलं, तेव्हापासून कलावती फक्त तुझ्या तोंडी उरली.

सोमवारी गावाहून शेजारच्या एकनाथचा फोन आला. तुझ्याकडून ऐकलेलंच नाव घेऊन ‘कलावतीला दे,’ म्हणाला.

‘राँग नंबर अंकल, इथे कलावती कुणी नाही,’ म्हणून देविकाने ठेवून दिला. आज त्याने पुन्हा केला, तेव्हा मी उचलला.

तिच्यावर चिडणार कशी? हाक मारणारा तूच गेलास, म्हणजे ती खरं तेच बोलली.

तुझी,
कलावती