वेणीचं दृश्य कापू नये

त्या सकाळी मी कणीक मळली, अंगणातला तंदूर पेटवला आणि रोट्या लावायला बसले. शहराला वेढा पडला होता. माझी मुलगी रूकेन कॅमेरा घेऊन समोर उकिडवी बसली होती. सुरुवात इथूनच करते, कारण माझ्या मागे भांडण होईल ते याच सकाळवरून.

मी पेरीखान, शेखमूसची विधवा, वय एकसष्ट, राहणार कोबानी. डोकं ठिकाणावर आहे आणि हे मृत्युपत्र कोणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. अक्षरं उतारवयात, स्वतःची स्वतः शिकले. चुका असतील त्या माझ्याच.

दोन खोल्यांचं घर, शिवणयंत्र आणि पुस्तकं पुतणी खजालला. पुस्तकं नुसती मांडून ठेवू नयेत. तंदूर गल्लीचा, त्याला कोणी कुंपण घालू नये.

धाकटा दीर हसो याला माझ्या नवऱ्याचं घड्याळ. माझा राग गेलेला नाही, पण भाऊ तो त्याचाच होता. रूकेनच्या चित्रीकरणाची हार्ड डिस्क मात्र त्याच्या हाती पडू नये. ती रूकेनच्या मैत्रिणीला, शिलानला. वेढ्यात दोघी मिळून चित्रपट करत होत्या. अट एकच: वेणीचं दृश्य कापायचं नाही.

शेखमूस वेढ्याच्या पहिल्याच आठवड्यात गेला. आमच्या रीतीप्रमाणे मी त्याच्या कबरीवर वेणी कापून ठेवली, दोनपैकी एक. रूकेनने ते टिपलं. मी रोट्या लावत होते त्या सकाळी हसो तणतणत आला.

"वहिनी, तुमचं उघडं डोकं ही जगाला दाखवणार? पुसायला सांगा तिला."

"काका, वरून तोफगोळे पडताहेत आणि तुम्हाला केसांची काळजी!" रूकेन हसली. मग माझ्याकडे वळली. "आई, केस तुझे. तू सांग."

मी तंदुरातली रोटी काढत म्हणाले, "पूस बाई. घरात तरी शांतता राहू दे."

ती कॅमेरा घेऊन उठली. गरम रोटी उचलून शिलानबरोबर चित्रीकरणाला गेली. दुपारी शिलान एकटीच परत आली.

दृश्य पुसलेलं नव्हतं. चित्रीकरणाच्या नोंदवहीत त्या दृश्यापुढे रूकेनच्या हातची एक ओळ होती. ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची नव्हती, म्हणून मी अक्षरं शिकले. वाचायला वर्ष लागलं: 'आईला पुन्हा विचारणे.'

ती ओळ वाचण्याच्या कितीतरी आधीच मी उत्तर देऊन बसले होते. शिलान एकटी परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रूकेनला पुरल्यावर, हसोच्या समोर, मी डोक्यावरचा रुमाल काढला, राहिलेली वेणी कापली आणि शिलानला म्हटलं, "कॅमेरा चालू ठेव."

सही, अंगठा नाही: पेरीखान
साक्षीदार: गुलिस्तान (शेजारीण), बोझान (शाळामास्तर)
कोबानी, ९ मार्च २०२१