दोन पुस्तकांची जागा

प्रिय बाय,

विश्राम शनिवारी रॉटरडॅमहून निघतोय. डच व्याकरणाची कोणती दोन पुस्तकं आणायची, ते त्याला आज दुपारपर्यंत कळवायचं आहे. गेले तीन दिवस डायरीत हेच लिहिते आहे आणि डायरी काही उत्तर देत नाही. तूही देणार नाहीस, गेलेलं माणूस कुठून देणार, ठाऊक आहे. पण निदान तुझ्यावर चिडता तरी येतं, म्हणून हे पत्र.

विश्राम म्हणजे आपल्या तोंडवलीचा, तिथल्या हॉटेलात स्वयंपाकी आहे तो. परवा फोनवर म्हणाला, "मंगलताय, दोनच हाडतलंय हां. तिसरा नाय. सासूक चीज होया, पोरांका चॉकलेटां होयी, बायकोची यादी तर इचारूच नको. आणि तुमची पुस्तकां म्हणजे नुसते चिरे!"

दोनच! आणि इथे तुझ्या कपाटात अकरा आहेत. खाकी कव्हरं, डांबराच्या गोळ्या, सगळं जागच्या जागी. पण एकही विद्यार्थ्याच्या हातात देण्यासारखं नाही, कारण प्रत्येक सराव तू शाईने सोडवून ठेवला आहेस. शाईने, बाय! मालवणच्या बाजारात पेन्सिली संपल्या होत्या का? मुलीने रिकामी जागा भरायला घ्यावी, तर तिथे तुझं टपोरं अक्षर आधीच पाय पसरून बसलेलं.

भावोजींबरोबर अठरा वर्षं त्या डच मुलखात काढलीस. ते गेल्यावर परत आलीस आणि या पडवीत वर्ग सुरू केलास. मलाही शिकवलंस, हाताशी धरलंस. मग कोणाला कोणतं पुस्तक आणि कधी द्यायचं, एवढं एका कागदावर लिहून ठेवायला काय झालं होतं?

मी विचारायचे तेव्हा तुझं एकच. "थांब गो जरा. आधी तिका चुकू दे."

नव्या मुलीला तू दोन-तीन आठवडे पुस्तकच द्यायची नाहीस. घराबद्दल लिही, आजीबद्दल लिही, काल जेवायला काय होतं ते लिही. मग तिच्या चुका एका वहीत उतरवून काढायचीस. मला तो निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा. एकदा तसं बोललेही होते. तू चहा गाळत राहिलीस. तेव्हाच दोन शब्द सुनावले असतेस तर?

मधल्या पायरीचं पुस्तक निवडणं सगळ्यात अवघड, हे मला आता कळतंय. नवशिक्याला काहीही चालतं. खूप पुढे गेलेला आपलं आपण शोधून घेतो. मधला मात्र अडकलेला असतो. नियम त्याला विचारला तर घडाघडा सांगेल, बोलताना ऐन वेळी आठवणार नाही. त्यात ही पुस्तकं बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली. गौण वाक्यात क्रियापद शेवटी कसं न्यायचं, यावर पानंच्या पानं! अगं, आपण जन्मापासून क्रियापद शेवटीच ठेवत आलो. आपली अडचण उलटी आहे. साध्या वाक्यात ते दुसऱ्या जागी थोपवायचं कसं, ते कोणी सांगेल का? आणि तो 'एर' नावाचा इवलासा शब्द, डच माणूस वाक्यात जिथे तिथे पेरतो तो, त्याला मोजून दीड पान.

पण खरा विषय हा नाही. खरा विषय सिसिल.

तुला ती आठवेल, नर्स, ड्यूटी संपवून तशीच वर्गाला यायची. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी तिकडे कामाला गेला. तिकडच्या एका वृद्धाश्रमाने हिच्यासाठीही जागा राखून ठेवली आहे, भाषेची वरची परीक्षा पास झाली तर. मुलगी सात वर्षांची. बाप तिला फोनच्या काचेतच दिसतो.

तू गेल्यावर दोन महिन्यांनी सिसिल म्हणाली, "टीचर, आता खंयचा पुस्तक घेऊ?" आणि माझ्या डोळ्यांसमोर ते जाडजूड उभं राहिलं. वरच्या पायरीचं, अथपासून इतिपर्यंत डचमध्येच, तळटीपांसकट. द्यावं की नाही, मी आठवडाभर घोळत होते. शेवटी आई कंटाळली. "कित्याक एवढो इचार करतंस? देवाक कौल लाव."

आणि मी, एम.ए. झालेली बाई, गेले की! हस खुशाल. गुरवाने पाषाणावर ओल्या कळ्या लावल्या. मी हात जोडून विचारलं, "देवा, हे मोठं पुस्तक चांगलं आहे का?" उजवी कळी टपकन पडली. होकार. मी खुशीत घरी आले आणि पुस्तक मागवलं.

सिसिल नापास झाली. लिहिण्यात थोडक्यात, बोलण्यात पार. समोरच्या परीक्षक बाईंनी साधं विचारलं, आज इथे कशा आलात, तर हिच्या डोक्यात चार नियम आणि सतरा अपवाद. तोंड बंद.

मी तणतणत गुरवाकडे गेले. तो वाती वळत बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंगलताय, तुमी काय इचारलास? मोठा पुस्तक चांगला काय? देवान सांगल्यान, चांगला. तां कोणाक चांगला, ह्या तुमी इचारलासच नाय. मगे देव काय करतलो?"

मी त्याच्यावरही चिडले. बरोबर बोलणाऱ्यावर जरा जास्तच चिडायला होतं.

घरी येऊन तिचे सगळे जुने कागद काढले आणि चुका एकेक करून उतरवल्या, आयुष्यात पहिल्यांदा. काय निघालं असेल? क्रियापद दुसऱ्या जागी थांबत नाही. 'एर' गळतो. नामाआधी 'डे' कुठे लावायचं आणि 'हेट' कुठे, याचा अंदाजपंचे कारभार. सगळं मधल्या पायरीचं! त्या जाड पुस्तकाने या गोष्टी 'वाचकाला माहीत असतीलच' असं धरून एकेका ओळीत उरकल्या आहेत. सिसिलला हवं होतं ते पातळ, साधं पुस्तक. एका पानावर समजावणी, समोरच्या पानावर सराव, मागे उत्तरं.

हे मला तेव्हा दिसलं नाही का? स्वतःला हे विचारून पाहिलं. उत्तर बरं नाही, बाय. ते जाड पुस्तक मला हवं होतं. तुझ्या खुर्चीत बसल्यावर समोर टेबलावर काहीतरी भारदस्त असावं, लोकांनी म्हणावं की बहीणही तोडीस तोड आहे. मीच त्यातली तीस पानं वाचून थांबले. आणि ते मी सिसिलच्या गळ्यात बांधलं!

त्याहून वाईट पुढेच आहे. निकाल लागला त्या दिवशी ती इथे पडवीत बसून म्हणाली, "टीचर, माका सगळा समाजता, पण तोंडातसून भायर येणा नाय. माझीच अक्कल कमी." आणि मी गप्प बसले. 'होईल पुढच्या वेळी' म्हणाले. तिला आता एकच संधी उरली आहे आणि ती स्वतःला मठ्ठ समजून अभ्यासाला बसते. माझ्या गप्प बसण्यामुळे.

पत्र मध्येच ठेवून मघाशी विश्रामला फोन केला. पुस्तकाचं नाव सांगितलं, पातळ, मधल्या पायरीचं. "आणि दुसरा?"

"तेच."

"तांच? एकच पुस्तक दोन येळा कित्याक? वाचून इसारतास काय?"

"एक सिसिलला, एक मला."

तो म्हणाला, "तुमी तर टीचर मां?"

टीचरने शिकू नये का? तूच सांग!

चार वाजता सिसिल येईल. वचन देते, बाय, वही उघडण्याआधी तिला सांगेन की चूक पुस्तक निवडण्यात झाली, आणि ते मी निवडलं. कौलाचं नाव पुढे करणार नाही, तुझ्या शाईचंही नाही. ती रागावली तर रागावू दे. माझ्याकडे यायचं थांबली तरी पुस्तक तिच्या घरी पोचवेन. आणि राहिली, तर त्यातला प्रत्येक सराव तिच्या शेजारी बसून मीही सोडवेन, माझ्या चुका तिला दिसतील अशा.

तुझ्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण बाकीचा नंतर. फाटक वाजलं.

तुझी,
मधल्या पायरीवरची धाकटी,
मंगल