गैरहजरांची खीर

८ नोव्हेंबर
आज सतरंजी पुरली नाही! मागच्या महिन्यात इनमीन दोघं यायचे. आमच्या खात्याचं हे शनिवारचं केंद्र – काम सुटलेल्या, एकट्या पडलेल्या पुरुषांसाठी. हेतू एकच, कुणी जिवाचं बरंवाईट करू नये. सरकारने इकडे उत्तरेत, विकास नगरात हॉल दिला, कॅरम दिला, समुपदेशक दिला. माणसं येईनात. लाज वाटते ना!

मग गावाकडची रीत आठवली. विहारात वंदना झाली की खीर; जो आला नाही त्याचा वाटा घरी पोचवायचा. इथंही तेच सुरू केलं. रेल्वेतून निवृत्त झालेले निरंजनबाबू डबा बघून म्हणाले, "हमने तो मँगाया नहीं!" आज रिकामा डबा द्यायला स्वतः आले. अन् अंधार पडेपर्यंत बसले!

१३ नोव्हेंबर
घरात बायको – सुभद्रा – चिडली. "केंद्र सरकारचं, आणि दूध माझं?" – म्हणाली आणि वेलदोडे कुटायला बसली.

१५ नोव्हेंबर
नागसेन नसता तर माझ्याच्याने हे झालं नसतं. सुभद्राचा धाकटा भाऊ. अमौसीच्या विमानतळावरचं त्याचं कंत्राटी काम संपलं, तेव्हापासून आमच्याकडेच आहे. डबे तोच पोचवतो, टिंगलही तोच करतो. "दाजी, तुमच्या खिरीत साखर कमी, उपदेश जास्त!" मग तेच हिंदीत सगळ्यांना ऐकवलं. हॉल दणाणला.

१८ नोव्हेंबर
मुख्यालयातून गीता मॅडम शनिवारी येणार. पटलं तर केंद्र चालू, नाहीतर बंद. फोनवर म्हणाल्या, "खीर से सुसाइड रेट घटता है क्या, देवानंदजी? कुछ प्रमाण दीजिए."

त्यांचं तरी काय चुकलं? जो गेला त्याची नोंद होते. जो जाता जाता थांबला, त्याची कुठं करायची? पहाटे वंदनेला बसलो, तरी डोक्यात तेच.

२२ नोव्हेंबर
केंद्र चालू राहणार!

मॅडमनी सगळ्यांसमोरच विचारलं, "किसी एक की तो बात बताइए." मी हजेरीची वही चाळू लागलो. नागसेन उठला – नेहमीसारखा हसतच.

"मेरी लिखिए, मैडम. हर हफ़्ते सोचता था, बस, अब नहीं जीना. फिर लगता – शनिवार को डब्बे कौन पहुँचाएगा?"