भुयाराच्या कुशीतलं गोल भोक

उस्ताद, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी अजून भटकतोच आहे. सध्या एका डोंगरात बोगद्याच्या कामावर आहे. आज साहेबानं आतल्या विटांच्या अस्तरात माणूस उभा राहील एवढा चौकोनी कोनाडा फोडायला सांगितला. मी म्हटलं, गोल फोडू, आणि आधी काठ बांधू. "हे कुठं शिकलास?" आता काय सांगू, भाकरीच्या दुरडीवर!

पुसदच्या बाजाररस्त्याखाली नाल्याचं पाणी नेणारं ते जुनं विटांचं भुयार. तेव्हा आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, मुंबई मात्र आपल्यातल्या कोणीच पाहिली नव्हती, असो. बाजूनं दुसरी नाली जोडायची म्हणून भुयाराच्या भिंतीला भोक पाडायचं होतं. माझ्या डोक्यात काही शिरेना. मग तुम्ही मला घरी नेऊन तुमच्या बायकोची, चाचींची, भाकरीची दुरडी उपडी घातली, कुशीत भोक कापलं, वर वीट ठेवली. दुरडी भोकापाशीच दबली. भोकाच्या काठाला वेत गुंडाळला, तर तिनं दोन विटा पेलल्या. तुम्ही म्हणता, "विटा एकमेकीले रेटून उभ्या राह्यतात. मधातली काढली का तिचा रेटा बाजूच्याईवर जाते. म्हणून आधी काठ बांध, मंग फोड." चुलीपासून चाची ओरडतात, "भुयार बजार में है ना? मेरी टोकरी कायको फोडी?" आठवडाभर भाकरी फडक्यात बांधलेली मिळाली.

फोडायच्या दिवशी भोकाभोवती गोल कमान बसवून झाली होती, आत लाकडी टेकू होते. छिन्नीच्या हादऱ्यानं टेकूंच्या पाचरा ढिल्या होतात. त्या ठोकत राहायचं काम माझं. तुम्ही कमानीखाली बसून विटा काढताय, आणि वर रस्त्यावर अस्वलवाला आला. अस्वल कुस्ती खेळत होतं हो! परत आलो तर सगळ्या पाचरा ढिल्या, टेकू हातानं हलताहेत. वर बैलगाड्या, खाली तुम्ही. घाईघाईनं साऱ्या ठोकल्या. तेवढ्यात लाल धुळीनं माखून तुम्ही बाहेर आलात. "शाबास रे! तू पाचरा सोडून गेला असता तं मी अंदरच राह्यलो असतो." आणि सगळ्यांसमोर आपला ओळंबा माझ्या हातात दिलात. मी घेतला.

उस्ताद, मी तिथं नव्हतो. तेवढा वेळ तुमच्या कमानीनं एकटीनं रस्ता पेलला होता. तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही आधी शिव्या घातल्या असत्या, मग कमानीची तारीफ करत उमरखेडपर्यंत फिरला असता. तुमची ती खुशी मी दाबून ठेवली. हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकता येईल, पण चाची वाचतील. आणि मला अजून त्यांच्या हातची भाकरी खायची आहे.