शेवटचा वेढा

आई, गाडी सुरू झाली. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवट कळल्याशिवाय तुला कुठलीच गोष्ट ऐकवत नसे. सिनेमाला गेलो की मध्यंतरातच शेजारच्या बाईला विचारायचीस, "मरत नाही ना हो तो?" आणि मी लाजेने खुर्चीत खाली सरकायचे. या गोष्टीत एक जण मरतो, पण तो सुरुवातीलाच मरतो. तुझा जावई. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात ऑफिसला जाताना स्टेशनच्या जिन्यावर खाली बसला, तो उठलाच नाही. तिकडे तुमची भेट झाली असेल तर त्याने सगळं सांगितलंच असेल, पण त्याला तिखटमीठ लावायची सवय, म्हणून माझ्याकडून ऐक. आज रविवार आहे, बाहेर लख्ख ऊन आहे, आणि इथे जपानात, हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीमागे गाडीतच बसून, मांडीवर कागद घेऊन मी हे लिहिते आहे.

ही गाडी त्याने घेतली तेव्हाच जुनी होती. इथली माणसं गाडीचा नवेपणा उतरायच्या आत ती बदलतात. हा पठ्ठ्या मात्र दुसऱ्याने काढून टाकलेली शोधून घेऊन आला, वर मलाच सांगू लागला की अशा गाड्या आता होत नाहीत. रविवारी थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थालीपीठं घेऊन लेकीसकट आम्ही तिघं चिबाच्या समुद्राकडे जायचो. तो गेल्यावर मी ती चालवत राहिले, डाळी-पिठं आणायला, ओजिमाला कुणाकडे जायला. मग गेल्या वर्षी, झाडं पिवळी व्हायच्या दिवसांत, ती सिग्नलला बंद पडायला लागली. नदीपलीकडच्या एका लहानशा गॅरेजात नेली. तिथल्या मालकांना आम्ही शाचो म्हणतो. तुझा जावई शनिवारी काही काम नसतानाही त्यांच्याकडे जाऊन बसायचा. शाचोंनी बॉनेट उघडलं, इंजिनावरून गेलेला वायरींचा जुडगा नुसता बोटाने दाबला, तर वरचं प्लास्टिक भाजलेल्या पापडासारखं चुरलं आणि आतलं तांबं उघडं पडलं. इतकी वर्षं इंजिनाची धग खाऊन खाऊन सगळ्या वायरींची तीच गत झाली होती. इकडेतिकडे जोडून भागणार नाही, अख्खा हार्नेस, म्हणजे हा सगळा जुडगाच, बदलायला हवा, ते म्हणाले. आणि कंपनी तो आता बनवत नाही. वसंतात शाकेन होतं. शाकेन म्हणजे दर दोन वर्षांनी होणारी गाडीची तपासणी, ती झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. शाचो अगदी हळू आवाजात म्हणाले, "भंगारात देऊ या का?"

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती सोळा वर्षांची आहे, मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते, आणि भांडण मात्र दोघींना कुठल्याही भाषेत करता येतं. फोनवरून मान वर न करता ती म्हणाली, "मम्मा, मो ई जान." आता पुरे ना. बाबा गेल्यापासून ती त्या गाडीत एकदाही बसलेली नाही. मला राग आला आणि मग रागाचीच दया आली. त्याचे कपडे मी देऊन टाकले होते, त्याच्या कॉफीचं यंत्र शेजाऱ्यांना दिलं होतं, त्याचा फोन नंबर बंद करताना दुकानातल्या मुलीसमोर रडून घेतलं होतं. किल्ली फिरवली की जागं होणारं असं त्याचं फक्त हे एक उरलं होतं. तेही गेलं की मग भिंतीवरचा फोटो, आणि फोटोसमोर मला काही बोलता येत नाही. पुढच्या शनिवारी मी गॅरेजात गेले ती भंगाराचं ठरवायलाच गेले होते. पण शाचो विचारत होते आणि मी भलतंच बोलले. म्हटलं, "माझी आई हे बनवायची."

तू पहिल्या पाळीला निघतेस तेव्हा मी अंथरुणात डोळे मिटून पडलेली असते. माझे बाबा गेल्यानंतर तू भोसरीच्या त्या कंपनीत लागलीस. मोठमोठे लाकडी फळे, फळ्यांवर खुंट्या, आणि बायका उभ्या राहून एकेक रंगाची वायर त्या खुंट्यांमधून ओवत नेतात, मग सगळ्या मिळून पट्टी गुंडाळतात. मी एकदाच पाहिलं, खंडेनवमीला, घरच्यांना आत सोडायचे तेव्हा. तुझ्या फळ्याला झेंडूचा हार होता आणि खुंट्यांना हळदकुंकू. तू मला तो असा दाखवलास जसं कुणी आपलं शेत दाखवावं. संध्याकाळी घरी आलीस की बोटांच्या पेरांवर काळा चिकटा असायचा. स्वयंपाकघरात पाटावर बसून खोबरेल लावून तो काढायचीस आणि तेवढा वेळ मला कणीक मळायला लावायचीस, कारण चिकट्याचा वास पोळीला लागतो म्हणे.

त्याच स्वयंपाकघरात मला बोलणी बसली होती. नळाची रबरी नळी फुटली होती आणि मी, मोठी हुशार, तुझी पट्टी घेऊन ती दाताने ओढून ओढून गुंडाळत होते. तू मागे येऊन उभी राहिलीस. "एवढा जोर कुणावर काढतीयस?" मग हातातून नळी घेतलीस, सगळं उलगडलंस आणि पहिल्यापासून करून दाखवलंस. "मधले वेढे घट्ट, अर्ध्यावर अर्धा. शेवटचा वेढा नुसता ठेवायचा. ताणायचा नाही. ताणलेली पट्टी विसरत नाही गं. ऊन तापलं की आखडते आणि टोक सोडते." पुढे पुढे हे तुझं सगळ्यालाच झालं. मी मैत्रिणीशी अबोला धरला की ताणू नकोस. परीक्षेत एका मार्कासाठी बाईंशी वाद घातला की ताणू नकोस. मी इथे आल्यावर फोन लांबला की ताणू नकोस, ठेव आता. दवाखान्यातून बोललीस त्या शेवटच्या फोनवरही मी उगाच काहीबाही विचारत राहिले, जेवलीस का, खिडकी जवळ आहे का, आणि तू दमून म्हणालीस, "आता ताणू नकोस. ठेव." मी ठेवला. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, आणि अजून मला वाटतं, थोडं ताणायला हवं होतं.

तर शाचोंनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि मागून प्लायवूडचा एक तक्ता आणून दोन स्टुलांवर ठेवला. गाडीच्या कॉम्प्युटरकडची जोडणी ते स्वतः करणार, सगळं तपासूनही तेच घेणार, बाकीचं मी करायचं. जुना हार्नेस त्यांनी इंजिनावरून अखंड उतरवला, आम्ही तो तक्त्यावर पसरला, जिथे जिथे फाटा फुटतो तिथे खिळा ठोकला. मग दर शनिवारी मी तिथे. एक जुनी वायर सोडवायची, त्याच रंगाची नवी तेवढ्याच लांबीची कापायची, खिळ्यांमधून न्यायची, टोकाला नवी पिन दाबून बसवायची. बॅंकेत मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. स्वतःच्या हाताने काही केलं त्याला, स्वयंपाक सोडला तर, किती काळ लोटला होता. पट्टी गुंडाळायची वेळ आली तेव्हा मला वाटलं होतं आठवणार नाही. बोटांना आठवत होतं. अर्ध्यावर अर्धा, अर्ध्यावर अर्धा, आणि मी खाली मान घालून रडत होते आणि शाचो रेडिओचा आवाज वाढवून दुसऱ्या गाडीखाली शिरले होते.

पहिल्यांदा बसवायला गेलो तर एक फाटा तोकडा पडला. तक्त्यावर बरोबर होता. पण इंजिनावर त्याला एका कोपऱ्याला वळसा घ्यायचा होता, तो तक्त्यावर कुठून दिसणार? मी पुन्हा उलगडायला बसले आणि तेव्हा मला तुझा बॉनेटचा किस्सा आठवला. तुझा जावई पहिल्यांदा आपल्या घरी आला तो मित्राची गाडी मागून घेऊन. मी पोहे करत होते. तू दारातूनच म्हणालीस, "हे पुढचं उघडतं का हो? जरा बघू द्या." बिचाऱ्याला घाम फुटला. इथल्या गणपतीत, कुणाच्याही वाढदिवसाला, तो हा किस्सा रंगवून सांगायचा: सासूबाईंनी मुलगा नाही पाहिला, आधी इंजिन पाहिलं! लोक हसायचे, मीही हसायचे. तू तेव्हा बराच वेळ वाकून पाहत होतीस. जुडग्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "हे इथं असतं होय." मग आम्ही पाहतोय हे लक्षात येऊन म्हणालीस, "पट्टी घाईत मारलीय कुणीतरी." आई, तुला त्याची परीक्षा घ्यायची नव्हतीच. आयुष्यभर तू ते फळ्यावर बनवलंस, ते खोक्यात भरून गेलं, आणि गाडीत बसलेलं तू त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतीस. एवढी साधी गोष्ट मला तो तोकडा फाटा हातात धरून कळली, आणि सांगायला तोही नाही, तूही नाहीस.

लेकीला सांगितलं. का कोण जाणे, तिलाच सांगितलं. पुढच्या शनिवारी ती छत्री घेऊन माझ्याबरोबर निघाली. तक्त्यापाशी उभी राहून तिने जुडग्याचं टोक धरलं आणि मी गुंडाळत गेले. मध्येच तिने मराठीत विचारलं, "आजी दिवसभर उभी?" मी म्हटलं, दिवसभर. थोड्या वेळाने तिने आपणहून पाय बदलला, पण स्टूल पुढे केलं तरी बसली नाही.

काल सगळं बसवून झालं. बॅटरीजवळचं एक टोक तेवढं मी मागे ठेवलं होतं. मी जपानला निघाले तेव्हा तू बॅगेत पट्टीचं एक रीळ टाकलं होतंस. मी म्हटलं होतं, तिकडे सगळं मिळतं गं. तू म्हणालीस, असू दे. ते इतकी वर्षं ड्रॉवरमध्ये होतं. वरचे पदर चिकट होऊन गेले होते, ते काढल्यावर आतली पट्टी चांगली निघाली. बाकी सगळं गुंडाळलं ते शाचोंनी दिलेल्या, तापली तरी चालेल अशा कापडी पट्टीने. हे टोक इंजिनापासून दूर, म्हणून तिथे त्यांनी तुझी वापरू दिली. मग किल्ली फिरवली. एकदा नुसतं कुरकुरली, दुसऱ्यांदा सुरू झाली, आणि सुरूच राहिली. लेक येऊन बसली. पुढे नाही, मागे, तिच्या नेहमीच्या जागेवर. मी चालवायला, माझ्या शेजारची जागा रिकामी, अशा आम्ही घरी आलो. वाटेत तिने एकदा खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले, मी आरशात पाहिलं आणि नाही पाहिलंसं केलं. पुढच्या आठवड्यात शाकेन आहे. होईल, म्हणतात शाचो.

एक राहिलं. काल निघायच्या आधी शाचोंनी सगळीकडून हात फिरवला, आणि बॅटरीजवळच्या त्या टोकाशी थांबले. "शेवटी ताणलीय इथे," म्हणाले. "उन्हाळ्यात सुटेल ती." मी म्हटलं, पट्टी कमी पडली. ते हो म्हणाले. आतली जोड पक्की आहे, गाडीला त्याने काही होणार नाही, तेवढं एक टोक सुटेल. मग बॉनेट उघडून मला परत ते सगळं करावं लागेल, तुझ्या पट्टीने, तू दाखवलंस तसं. हा कागद घडी करून मी गाडीच्या कप्प्यात ठेवते आहे, तिथेच ते रीळही आहे. कमी पडली नव्हती, आई. अजून पुष्कळ आहे.